तांबेऱ्याचा माग काढणारा माणूस

लहानपणी दादाजानबरोबर गव्हाच्या शेतातून चालत गेलो की घरी आल्यावर अम्मी ओरडायची. पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत विटकरी रंगाची भुकटी चिकटलेली असायची. धुतली तरी डाग राहायचा. दादाजान मात्र कपड्यांकडे बघत नसत. ते पायजम्यावरचा तो रंग बोटाने चोळून बघत आणि एवढेच म्हणत, “तांबेरा आला.” त्यानंतर घरात दोन-चार दिवस कोणी मोठ्याने बोलत नसे.

ही लाल भुकटी म्हणजे माती नव्हे. ती एका बुरशीची बीजे असतात. त्यांना बीजाणू म्हणतात. एक बीजाणू साधारण मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा. गव्हाच्या पानावर किंवा काडीवर पुरळासारखा एक फोड येतो, तो फुटतो आणि त्यातून असे हजारो बीजाणू वाऱ्यावर जातात. प्रत्येक बीजाणू दुसऱ्या रोपावर पडून, थोडी ओल मिळाली की रुजू शकतो. दहा-पंधरा दिवसांत तिथे नवा फोड तयार होतो. रोपाने दाण्यासाठी साठवलेले सगळे ही बुरशी खाऊन टाकते. शेत लांबून उभे दिसते, पण कणसात दाणा भरत नाही. चिपटे, सुरकुतलेले गहू हाती लागतात.

शेतकरी याला तांबेरा म्हणतो, कृषी खात्याच्या कागदांत गेरवा असाही शब्द आहे. दोन्ही नावे रंगावरून पडलेली. अरबीतला शब्दही रंगावरूनच आला आहे. आपल्या घरांत कावीळ झाली की “यरकान झालंय” म्हणतात. अरबीत हाच यरकान शब्द माणसाच्या काविळीला आणि उभे पीक पिवळे पाडणाऱ्या रोगाला, दोघांनाही वापरतात. पिवळे पडलेले माणूस आणि पिवळे पडलेले शेत यांना एकच नाव देणाऱ्या लोकांनी या रोगाची दहशत चांगलीच अनुभवली असणार.

हा रोग भारतात दरवर्षी येतो कुठून, या एका प्रश्नामागे आयुष्य घालवणाऱ्या शास्त्रज्ञाची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव प्रा. करमचंद मेहता. आज त्यांचे नाव शेतकऱ्याला माहीत नाही, विद्यार्थ्यालाही क्वचितच असेल.

पिकाचा रोग आणि माणसाचे पाप

शास्त्रज्ञ येण्याआधी या प्रश्नाला उत्तरे नव्हती असे नाही. उत्तरे भरपूर होती. प्राचीन रोममध्ये दरवर्षी २५ एप्रिलला तांबेऱ्याच्या देवतेचा सण असे. त्या दिवशी कुत्र्याचा बळी देत. देवतेचा राग शांत झाला तर पीक वाचेल, ही श्रद्धा.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन १८२० आणि १८३० च्या दशकांत नर्मदेच्या खोऱ्यात होता. तिथे लागोपाठ काही वर्षे गव्हावर तांबेरा पडला. वीस मैल लांब आणि दहा मैल रुंद असा सलग गव्हाचा पट्टा इतका उद्ध्वस्त झालेला त्याने पाहिला, की चार शेतांपैकी एकाचीही कापणी करणे लोकांना परवडेना. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने हे लिहून ठेवले आहे. लोक या संकटाची काय कारणे सांगत होते, हेही त्याने नोंदवले. त्यातले एक कारण होते गोहत्या. गोमांस खाल्ले जाते म्हणून देव कोपला आणि गहू लाल झाला.

त्या लोकांना हसण्याचे कारण नाही. डोळ्यांसमोर वर्षाची भाकरी जळून जात असताना माणूस कारण शोधणारच. आणि खरे कारण दिसत नसेल, तर तो ते शेजाऱ्याच्या ताटात शोधतो. अडचण अशी, की या पद्धतीने सापडलेले कारण कधीच खोटे ठरत नाही. गोहत्या थांबली आणि पुढच्या वर्षी तांबेरा आला नाही, तर सिद्ध झाले. आला, तर कुठेतरी चोरून चालू असणार! पाप हे असे उत्तर आहे, की ते तपासता येत नाही.

परदेशातले उत्तर इथे लागू पडेना

युरोपातल्या शेतकऱ्यांनी मात्र एक गोष्ट फार पूर्वी हेरली होती. बांधावर बारबेरीचे झुडूप असेल, तर त्याच्या आसपासच्या गव्हावर तांबेरा जास्त पडतो. विज्ञान याला खुळी समजूत म्हणत होते. १८६५ च्या सुमारास अँटोन डी बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवले, की शेतकरी बरोबर होते. काळ्या तांबेऱ्याची बुरशी आयुष्याचा काही भाग गव्हावर आणि काही भाग बारबेरीवर काढते. कडक हिवाळा ती कठीण कवचाच्या बीजाणूंच्या रूपात काढते, वसंतात बारबेरीवर वाढते आणि तिथून पुन्हा गव्हावर जाते. पुढे १९१८ पासून अमेरिकेने गव्हाच्या पट्ट्यातली बारबेरीची झुडपे उपटून टाकण्याची प्रचंड मोहीम चालवली.

हे उत्तर भारतात आले आणि अडले. बारबेरीची भावंडे आपल्याकडे हिमालयात आहेत. आपण जिला दारुहळद म्हणतो ती त्यातलीच. पण गहू पिकतो पंजाबच्या, गंगेच्या, माळव्याच्या मैदानात. तिथे शेकडो मैल दारुहळदीचे एक झुडूप नाही आणि तांबेरा मात्र दरसाल हजर. शिमल्यात राहणारे इंग्रज डॉक्टर आर्थर बार्कले यांनी १८८० च्या दशकात हिमालयातल्या तांबेऱ्यांचा बारकाईने अभ्यास केला. १८९१ साली त्यांचे निधन झाले. नंतर एडविन बटलर हे आयरिश शास्त्रज्ञ आले. ते भारतातल्या बुरशीशास्त्राच्या पायाभरणीतले मोठे नाव. बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेत ते होते. १९०६ साली त्यांनी हेमन यांच्यासह भारतीय गव्हाच्या तांबेऱ्यांवर सविस्तर लेखन केले. तरीही मूळ प्रश्न सुटला नाही.

कोडे नीट समजून घ्या. आपल्याकडे गहू ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात आणि मार्च-एप्रिलात काढतात. मे ते ऑक्टोबर मैदानात गव्हाचे रोप नसते. ही बुरशी जिवंत रोपावरच जगते, मेलेल्या काडीवर वाढत नाही. शिवाय मे-जूनमधले ऊन असे, की जमीन तव्यासारखी तापते. मग पाच-सहा महिने हा रोग लपतो कुठे?

आग्र्याचे प्राध्यापक

करमचंद मेहता मूळचे पंजाबातले. आग्रा कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. पुढच्या अभ्यासासाठी ते केंब्रिजला गेले आणि तिथेही त्यांनी धान्यावरचा तांबेराच विषय म्हणून घेतला. केंब्रिजच्या परिसरातल्या तांबेऱ्यांवरचे त्यांचे काम १९२३ साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये हा रोग एका हंगामातून दुसऱ्या हंगामात कसा जातो, हे ते पाहत होते. परत आल्यावर त्यांनी तोच प्रश्न आपल्या मातीला विचारला.

आग्रा कॉलेज म्हणजे काही पुसासारखी सरकारी संशोधन संस्था नव्हती. शिकवायचे, परीक्षा घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचे. १९२९ साली भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात वनस्पतिशास्त्र विभागाचे अध्यक्ष म्हणून ते बोलले. विषय होता, भारतात गव्हावर तांबेरा दरवर्षी पुन्हा कसा येतो. त्याच वर्षी शेती संशोधनाची केंद्रीय परिषद स्थापन झाली होती. तिच्या मदतीने १९३० पासून हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. शिमल्याला फ्लॉवरडेल इथे प्रयोगशाळा उभी राहिली.

मेहतांची पद्धत पोलीस तपासासारखी होती. संशयितांची यादी करायची आणि एकेकाला तपासून सोडून द्यायचे.

पहिला संशयित बियाणे. रोगट शेतातल्या गव्हाचे बी पेरून पाहिले, तर त्यातून रोग येत नाही. सुटला. दुसरा संशयित शेतात पडलेले काड आणि भुसा. त्यावर बीजाणू असतात खरे, पण ते जिवंत असतात का? उन्हाळ्यात ठरावीक दिवसांनी ते तपासले. मैदानातल्या उन्हाने ते मरून जातात, पुढच्या पेरणीपर्यंत टिकत नाहीत. हाही सुटला. तिसरा संशयित दारुहळद. युरोपात गुन्हेगार ठरलेले हे झुडूप भारतात मात्र निर्दोष निघाले. गव्हाच्या वार्षिक रोगचक्रात त्याचा हात असल्याचा पुरावा मिळेना. हे सांगणे सोपे नव्हते. डी बारींचा शोध पाठ्यपुस्तकांत पक्का बसला होता. पण पाठ्यपुस्तक युरोपच्या हवेवर लिहिलेले होते.

राहिला एकच मार्ग. मैदानात रोग मरतो, तर तो बाहेरून येत असला पाहिजे. मग मेहता डोंगरात गेले. तिथे त्यांना दिसले, की उंचावरच्या थंड हवेत उन्हाळ्यातही तांबेरा जिवंत आहे. कापणीच्या वेळी सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेली रोपे आणि कापलेल्या बुडख्यातून फुटलेले कोंब, यांवर तो आरामात राहत होता. डोंगराळ भागात काही ठिकाणी पेरण्याही वेगळ्या वेळी होत. त्यामुळे बुरशीला वर्षभर कुठे ना कुठे हिरवे पान मिळत असे.

डोंगरात रोग जगतो, एवढ्याने तो मैदानात जातो हे सिद्ध होत नाही. त्यासाठी मेहतांनी हवेलाच साक्षीला बोलावले. चिकट लेप लावलेल्या काचपट्ट्या ठिकठिकाणी वाऱ्यात ठेवायच्या, ठरावीक वेळाने काढायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजायचे. वर्षानुवर्षे हे चालले. शेतात रोग दिसण्याआधी हवेत त्याचे बीजाणू सापडू लागले. पाहुणा दारात येण्याआधी त्याची पावले रस्त्यावर मिळाली!

या सगळ्याचा पहिला मोठा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. दुसरा भाग १९५२ साली निघाला, पण तो पाहायला मेहता नव्हते. १९५० साली त्यांचे निधन झाले होते.

नीलगिरीहून आपल्या शेतापर्यंत

मराठी वाचकाला या संशोधनातला एक भाग थेट लागू आहे. दक्षिणेत नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत गव्हाचे रोप बहुतेक वर्षभर सापडे. तिथे काळा तांबेरा कायम मुक्कामाला होता. मेहतांच्या मते द्वीपकल्पातल्या गव्हाला, म्हणजे कर्नाटक, महाराष्ट्र आणि मध्य भारताला रोग पोचवणारे ठिकाण हेच. उटीपासून निफाडपर्यंतचे अंतर सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर भरेल. दादाजानच्या पायजम्यावरच्या डागाचे मूळ इतक्या दूर होते.

मेहता पूर्णपणे बरोबर होते असे नाही. उत्तर भारतातला काळा तांबेरा हिमालयातून उतरतो, असे त्यांना वाटत होते. १९७० च्या दशकात एस. नागराजन आणि एल. एम. जोशी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हवामानाचे नकाशे घेऊन हा मार्ग पुन्हा तपासला. काळ्या तांबेऱ्याचे खरे घर दक्षिणेतले डोंगर आहेत आणि पेरणीनंतरच्या दिवसांत बंगालच्या उपसागरात उठणारी वादळे त्याचे बीजाणू मध्य भारतापर्यंत वाहून नेतात, पावसाच्या थेंबांबरोबर ते पिकावर उतरतात, असे त्यांना आढळले. हिमालयातून येतो तो मुख्यतः पिवळा तांबेरा. तपकिरी दोन्हीकडून येतो. म्हणजे मेहतांच्या नकाशातला एक बाण चुकला होता, पण नकाशा काढायची रीत त्यांचीच होती. विज्ञानात चूक दुरुस्त करता येते, ती दुरुस्त करणारा मूळ माणसाचा शत्रू ठरत नाही.

एका डोंगरी शेतकऱ्याची भाकरी

रोगाचे घर सापडले. पुढे काय? मेहतांची सूचना सरळ होती. नीलगिरी आणि पळणीत बिगरहंगामी गहू काही काळ बंद करावा. डोंगरात आपोआप उगवलेली रोपे मैदानातल्या पेरणीआधी काढून टाकावीत. साखळीची एक कडी तोडली की पुढचा सगळा गहू वाचेल.

कागदावर हिशोब बिनतोड आहे. थोड्या डोंगरी शेतीच्या बदल्यात लाखो एकर वाचणार. पण तो थोडका गहू पिकवणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याला कोणी सांगतो, “तू पेरू नकोस, कारण हजार किलोमीटरवरच्या, तू कधी न पाहिलेल्या माणसाचे पीक बुडते.” त्याचा गुन्हा काय? त्याने बुरशी बोलावली नव्हती, वारा सोडला नव्हता. ही सूचना मोठ्या प्रमाणावर अमलात आली नाही.

इथे मला शास्त्रीय कारण आणि ठपका यांतला फरक दिसतो. मेहतांनी नीलगिरीला रोगाचे ठिकाण म्हटले, तिथल्या लोकांना पापी म्हटले नाही. ठिकाण कळले की उपाय शोधता येतो, भरपाईची चर्चा करता येते, दुसरा रस्ता काढता येतो. पापी ठरवला की फक्त शिक्षाच उरते.

काम किती तातडीचे होते, हे १९४६-४७ च्या हंगामाने दाखवले. मध्य भारतात आणि आसपास काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली. लाखो टन गहू गेला. बंगालच्या दुष्काळाला तीन-चारच वर्षे झाली होती, देशात रेशनिंग होते आणि फाळणी उंबरठ्यावर होती.

खपलीची साक्ष

दुसरा रस्ता निघाला तो वाणांचा. वारा अडवता येत नाही, डोंगर हलवता येत नाही, तर गव्हालाच बुरशीशी लढायला शिकवायचे. डॉ. बी. पी. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबेऱ्याला तोंड देणारे वाण तयार करण्यात वर्षे घालवली. त्या कामाला मेहतांचा आधार होता. तांबेरा एकच नसतो, त्याच्या अनेक पोटजाती असतात आणि एकीला दाद न देणारा गहू दुसरीपुढे मान टाकतो. कोणत्या भागात कोणत्या पोटजाती फिरतात, हे मेहतांनी नोंदवायला सुरुवात केली होती.

या पोटजाती ओळखायला जगभर अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅकमन यांचा बारा गव्हांचा संच वापरत. अनोळखी तांबेरा या बारांवर टाकायचा आणि कोण आजारी पडतो, कोण टिकतो ते पाहायचे. त्यातल्या एका गव्हाचे नाव आहे खपली. होय, आपला खपली, जो आज शहरांत महागड्या पिशव्यांतून विकला जातो. तांबेऱ्याला दाद न देण्याचा त्याचा गुण शास्त्रज्ञांनी हेरला आणि त्यातले प्रतिकाराचे जनुक पुढे इतर गव्हांत नेले.

महाराष्ट्रात निफाड आणि महाबळेश्वरची केंद्रे हेच काम करतात. महाबळेश्वरला लोक स्ट्रॉबेरी खायला जातात. तिथेच गहू गेरवा संशोधन केंद्र आहे आणि तिथल्या थंड हवेत तांबेऱ्याच्या पोटजाती मुद्दाम वाढवून नवे वाण तपासले जातात, हे किती पर्यटकांना ठाऊक असेल? शिमल्याच्या फ्लॉवरडेलचे कामही चालू आहे. ते थांबवता येत नाही, कारण बुरशीही बदलते. १९९८ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याची अशी पोटजात सापडली, जिच्यापुढे जगभर भरवशाचे मानलेले जनुक हरले. काही वर्षांत ती येमेनमार्गे इराणपर्यंत आली. वाऱ्याला व्हिसा लागत नाही.

आपण काय घ्यायचे

मेहता आणि स्लीमनच्या नोंदी एकत्र वाचताना मला २०२० चा उन्हाळा आठवत राहिला. डोळ्यांना न दिसणारा एक विषाणू आला आणि काही दिवसांत त्याला धर्म चिकटवला गेला. आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्याला लोक नाव विचारू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता निकालात बोलून दाखवली. निकाल आला, पण तोवर भाजीवाल्याचा हंगाम गेला होता.

आणि बोट एकाच दिशेला दाखवून चालणार नाही. आपल्या मोहल्ल्यातही साथीचे कारण बायकांच्या कपड्यांत, तरुणांच्या मोबाईलमध्ये, शेजारच्या फिरक्यात शोधणारे लोक होतेच. नर्मदेकाठचे १८३० चे शेतकरी आणि आपण यांत त्या दिवसांत फारसे अंतर नव्हते. त्यांच्याकडे निदान सूक्ष्मदर्शक नव्हता.

करमचंद मेहतांनी आयुष्यभर एकच केले. रोग कुठून आला, हे माणसांना न विचारता काचेच्या पट्टीला विचारले. पट्टीने सांगितले ते लिहून ठेवले. त्यांच्या उत्तरात कोणाची जात नव्हती, धर्म नव्हता, कोणाचे ताट नव्हते. एक बुरशी होती, एक डोंगर होता आणि वारा होता.

दादाजान आज नाहीत. असते तर त्यांना सांगितले असते, की तुमच्या पायजम्यावरचा तो डाग नीलगिरीहून आला होता. त्यांनी विश्वास ठेवला असता की नाही, कोण जाणे. पण बोट पायजम्यावर चोळून ते नक्की म्हणाले असते, “इतक्या लांबून? मग यात आपल्या बांधावरच्या कोणाचा काय कसूर?”